अकरावं वर्ष

हर्षदा इंगवलेच्या टेबलावर त्या मंगळवारी आलेल्या सातव्या डबीवरचा नंबर तिला पाठ होता. दहा वर्षांपूर्वी कंपनीच्या कपाटातून तो पेसमेकर तिनंच निवडून काढला होता, आपल्या थोरल्या बहिणीसाठी. आता तो धुऊन, निर्जंतुक करून, पांढऱ्या डबीत घालून परत आला होता. सोबतच्या चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या. रुग्ण : शुभांगी दत्तात्रय माने, वय ५५. काढण्याचं कारण : दशकपूर्ती.

रुग्ण गेली, हे चिठ्ठीवर कुठंच नव्हतं. ते लिहायला रकानाच नव्हता.

कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत ‘निरंतर’ कंपनीचा कारखाना होता. देशातले निम्म्याहून अधिक पेसमेकर तिथं तयार होत. पेसमेकर म्हणजे कॉलरच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवलेली नाण्याएवढी डबी. हृदयाचा ठोका चुकला की ती विजेचा बारीकसा झटका देऊन त्याला भानावर आणते. निरंतरचा पेसमेकर पंधरा दिवसांतून एकदा, छातीवर अर्धा तास पट्टी लावून, कातडीवरूनच चार्ज करता येई. हर्षदा परत आलेल्या यंत्रांच्या विभागात वरिष्ठ तंत्रज्ञ होती. यंत्र घ्यायचं, बॅटरी मोजायची, आकडा नोंदवायचा आणि ट्रे भुगा करणाऱ्या चुरायंत्राकडे सरकवायचा, हे तिचं काम. शंभरातलं एकच यंत्र कापून आतून तपासायचं, असा नियम होता. आक्काचं यंत्र शंभरावं नव्हतं. हर्षदानं ते कापायला घेतलं.

आर्गॉन वायू भरलेल्या बंद काचपेटीत हात घालून तिनं बॅटरीचं कवच उघडलं, आतली लिथियमची पातळ पट्टी सोडवली, तिचा कपटा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला आणि पडद्याकडे बघत राहिली. पट्टीवरचं आवरण सलग होतं. भेग नाही, फुगवटा नाही. बॅटरीची साठवण मोजली तेव्हा ती नव्याच्या शहाण्णव टक्के भरली.

हा शहाण्णवचा आकडा काय सांगत होता, ते कळायला थोडं मागं जायला हवं. लिथियम धातू म्हणजे बॅटरी बनवणाऱ्यांचं जुनं स्वप्न आणि जुनी डोकेदुखी. इवल्याशा धातूत भरपूर वीज मावते. पण बॅटरी पुन्हा चार्ज करताना परत येणारे लिथियमचे कण पृष्ठभागावर सारखे बसत नाहीत. फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड यावेत आणि ते फडक्यातून बाहेर निघावेत, तसे धातूला सुयांसारखे मोड फुटतात, दोन ध्रुवांमधला पडदा भेदतात आणि बॅटरी पेट घेते. शिवाय धातूवर दुधावरच्या सायीसारखा एक थर आपोआप धरतो. चार्ज होताना धातू फुगतो, तसा हा थर फाटतो, पुन्हा धरतो, पुन्हा फाटतो. आणि दर वेळी थोडं लिथियम त्या सायीतच खर्ची पडतं. अशी बॅटरी माणसाच्या छातीत ठेवायची हिंमत कोणी करत नव्हतं.

डॉ. माधव खांबेटे यांनी पुण्यातल्या आपल्या प्रयोगशाळेत यावर उपाय शोधला. त्यांनी लिथियमला आधीच एक तयार साय चढवली. जाडी चाळीस नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या दोन हजाराव्या भागाएवढी. त्यात रबरासारख्या ताणणाऱ्या साखळ्यांची जाळी आणि जाळीत रोवलेले चिनीमातीच्या जातीचे कण. धातू फुगला की आवरण ताणतं, आक्रसला की आवळतं. कुठं चीर पडलीच तर तुटलेल्या साखळ्या एकमेकींना धरून पुन्हा सांधतात. वीज येत-जात राहते, मोड मात्र फुटत नाही. हर्षदा पंचवीस वर्षांची असताना त्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली, आणि सरांनी निरंतरला तंत्र दिलं तेव्हा त्यांच्यापाठोपाठ कोल्हापूरला आली.

सरांच्या पहिल्या निबंधात एक वाक्य होतं : ‘दहा वर्षांपर्यंत या आवरणाची खात्री देता येते.’ कंपनीनं त्या वाक्याचा नियम केला आणि नियमाला नाव दिलं, दशकपूर्ती बदल. बसवल्यापासून दहा वर्षं भरली की पेसमेकर रोज सकाळी सहाला छातीत थरथरायला लागे. बदलून घेईपर्यंत थरथर थांबत नसे.

आक्काला बदलायचा नव्हता. कागलला तिचा शिवणक्लास होता, पंचवीस-तीस मुली शिकायला येत. मला काही होत नाही, मग उगाच चिरफाड कशाला, असं ती फोनवर तीनतीनदा म्हणाली होती. तिला मधुमेह होता, जखमा लवकर भरत नसत. हर्षदानंच तिची समजूत घातली. नियम आहे, दहा वर्षांपुढं खात्री नाही, उशीर करू नकोस. ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी जखम चिघळली, विष रक्तात गेलं आणि एकोणिसाव्या दिवशी आक्का गेली. चांगल्या बॅटरीच्या जागी चांगली बॅटरी बसवताना ती गेली.

हर्षदानं नोंदवहीत आकडा लिहिला. ट्रे चुरायंत्राकडे सरकवला नाही. डबी पिशवीत घातली आणि ती उठली.

खांबेटे सर आता अडुसष्ट वर्षांचे होते, कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ. त्यांनी तिचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते आक्काला ओळखत होते. पण शास्त्रज्ञानं माहीत नसलेल्या गोष्टीची खात्री देऊ नये, असं ते म्हणाले. दहा वर्षांपुढचा डेटा आपल्याकडे नाही.

“कुठून असणार, सर?” हर्षदा म्हणाली. “अकराव्या वर्षी आपण एकही यंत्र शिल्लक ठेवत नाही. पाच वर्षांत चौदा हजार आली. मी स्वतः मोजली. नव्वदच्या खाली एकही नव्हतं. ती सगळी आपण चुरली, आणि आता म्हणतो पुरावा नाही.”

सर म्हणाले, की आकडे दर वर्षी वर पाठवलेले आहेत, निर्णय वरच्यांचा आहे. हर्षदानं विचारलं, शंभर बदलांमागं दोघातिघांची जखम चिघळते, हेही वर पाठवलंय का? सर म्हणाले, ते रुग्णालयांच्या खात्यात येतं, आपल्या नाही. हे म्हणताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी ती कागलला गेली. दाजी ओसरीवर बसले होते. आतल्या खोलीत शिवणयंत्रांवर चादरी टाकलेल्या. सांगू नये असं तिला शंभरदा वाटलं, पण लपवून त्या घरात पाणी पिणं तिला जमलं नसतं. तिनं सांगितलं. दाजींनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

“म्हंजे तिचं यंत्र बिघडलंच नव्हतं?”

“नाही दाजी.”

“आणि तू म्हणालीस म्हणून ती गेली दवाखान्यात.”

दाजी उठून आत गेले. तिला रागावले नाहीत, जा म्हणाले नाहीत. पुढं सहा महिने त्यांनी तिचा फोन घेतला नाही.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते हर्षदाला त्या परतीच्या रस्त्यावर कळलं. राग स्वतःवर होता तसाच त्या एका वाक्यावरही होता. पुरावा नाही. शेजाऱ्याच्या विहिरीत माती लोटायची आणि मग म्हणायचं, हिला पाणीच नाही. या माणसांनी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता. खोटं पकडता येतं. हे खरं बोलून चाललं होतं.

रात्रभर तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत राहिला. कुठंतरी, कोणाच्या तरी छातीत अकरावं वर्ष राहिलेलं असेल का?

सकाळी तिला मिरजेची आठवण झाली. कंपनी निघण्याच्याही आधी, एकोणीस वर्षांपूर्वी, मिरजेच्या एका रुग्णालयात बावीस जणांवर पहिली चाचणी झाली होती. ते पेसमेकर सरांच्या प्रयोगशाळेत हातानं बनवलेले होते आणि त्यांत थरथरण्याची सोय नव्हती. आवरण मात्र तेच. दर महिन्याला तपासणीला येणाऱ्या त्या बावीस जणांची पट्टी हर्षदाच लावायची. पुढं त्यातले काही वयानं गेले, बाकीच्यांचे पेसमेकर कंपनीनं फुकट बदलून दिले. पण जत तालुक्यातली एक बाई मधूनच यायची बंद झाली होती. कागदोपत्री तिच्या नावापुढं ‘संपर्क नाही’ असा शेरा होता. नाव हौसाबाई बंडगर. हर्षदाच्या ते लक्षात राहिलं होतं, कारण पट्टी लावताना ती बाई सगळा वेळ आपल्या मेंढरांची नावं घेऊन त्यांच्या खोड्या सांगायची.

हर्षदानं चार दिवसांची रजा टाकली, हातात मावणारं मोजणीयंत्र घेतलं आणि जतचा रस्ता धरला. दोन गावं चुकली, तिसऱ्या गावात एका पंक्चरवाल्यानं बंडगरांची वस्ती दाखवली. माळावर डाळिंबाची बाग, पलीकडे वाघर, म्हणजे दोऱ्यांची जाळी, लावून केलेला मेंढरांचा वाडा, आणि त्याच्या तोंडाशी एका कोकराला बाटलीनं दूध पाजत बसलेली सत्तरीची, काटक, काळीसावळी बाई.

हौसाबाईनं तिला ओळखलं नाही. पण पट्टीचं नाव काढताच ती हसली आणि घरातून तीच जुनी पट्टी घेऊन आली. वायर मुलानं दोनदा बदललेली, कापड फाटल्यावर वर हिरवं खणाचं शिवलेलं. एकोणीस वर्षं ती अमावस्या-पौर्णिमेला, न चुकता, पट्टी छातीवर धरून अर्धा तास बसत आली होती. मिरजेला यायच्या का थांबलात, असं हर्षदानं विचारलं. त्या साली दुष्काळात मेंढरं घेऊन कोकणात उतरावं लागलं, मग राहिलंच, असं ती म्हणाली. ठोका चुकत नव्हता, तर काय बघायला यायचं?

मोजायची परवानगी हर्षदानं कागदावर लिहून मागितली. हौसाबाईनं वाचून घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. मग पट्टीच्या जागी मोजणीयंत्र ठेवून दोघी बसल्या. यंत्राला वीस मिनिटं लागत. बाजूला कोकरू हर्षदाच्या ओढणीचं टोक चघळत होतं.

आकडा आला. एक्क्याण्णव टक्के.

हर्षदानं पुन्हा मोजलं. पुन्हा एक्क्याण्णव. ती उठली, वाड्याच्या पलीकडे गेली आणि तिथं उभी राहून रडली. आक्काची बॅटरी आणखी किती वर्षं चालली असती, याचा हिशोब तिच्या डोक्यात नको असताना होत होता.

खांबेटे सरांना तिनं तिथूनच फोन केला. मग सरांनी आकडा पुन्हा सांगायला लावला, मोजणी कशी केली ते विचारलं, तापमान विचारलं, आणि शेवटी म्हणाले, की मला वाटायचं पंधरा वर्षं जातील फार तर. त्यांना झालेला आनंद निर्मळ होता. त्या आनंदाच्या भरात, दुसऱ्याच दिवशी, त्यांनी तो आकडा जाऊन कंपनीचे प्रमुख कपिल नाडगौडा यांना सांगितला.

रजा संपवून हर्षदा कामावर आली तेव्हा तिचं ओळखपत्र फाटकावर चाललं नाही. तिला थेट नाडगौडांच्या खोलीत नेलं. नाडगौडा आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी आधी बहिणीबद्दल दुःख व्यक्त केलं. मग सांगितलं, की रुग्णाच्या यंत्रातले आकडे ही कंपनीची मालमत्ता असते आणि ती परवानगीशिवाय घेतल्याबद्दल तिला निलंबित करण्यात येत आहे. हर्षदानं हौसाबाईची सही दाखवली. ते म्हणाले, रुग्णाला ती परवानगी देण्याचा अधिकार नाही.

हर्षदाला आधी ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. छाती बाईची, ठोके बाईचे, एकोणीस वर्षं पट्टी धरून बसली ती बाई, आणि त्यातला आकडा कंपनीचा.

“एका म्हातारीवरून धोरण बदलत नसतं, मॅडम,” नाडगौडा म्हणाले.

“मग तिच्यासारख्या हजार जणी राहू द्या. अकराव्या वर्षात जाऊ द्या.”

“आणि त्यातली एक दगावली तर? तुम्ही जबाबदारी घ्याल?”

दशकपूर्तीत दगावलेल्यांची जबाबदारी आजवर कोणी घेतली, हे तिनं विचारलं. नाडगौडांनी घड्याळ पाहिलं.

आठवड्यानं, सकाळी सातच्या सुमाराला सरांचा फोन आला. ते नेहमी मोजून बोलायचे, आज शब्द अडखळत होते. कंपनीची गाडी जतकडे निघाली होती. सोबत डॉक्टर, परिचारिका, शाल आणि श्रीफळ. पहिल्या चाचणीतल्या ज्येष्ठ रुग्णाचा सन्मान, आणि त्यासोबत अगदी नवा पेसमेकर, मोफत. जुना काढून घेणार.

“काढल्यावर कुठं जाणार, सर?” हर्षदानं विचारलं.

“तुला माहीत आहे,” सर म्हणाले. “हर्षदा, हे माझ्यामुळं झालं. मी सांगायला नको होतं.”

देशभरात एकच पुरावा उरला होता, तो एका बाईच्या कातडीखाली होता, आणि त्याला चुरायंत्रात घालायला नारळ घेऊन माणसं निघाली होती. हर्षदा कुठंही न थांबता जतला पोचली, तरी गाडी आधीच वस्तीवर उभी होती. हौसाबाईच्या खांद्यावर शाल होती. कंपनीची जनसंपर्क अधिकारी, सबनीस नावाची गोड बोलणारी तरुण बाई, तिला समजावत होती. डॉक्टर फाइल उघडून बसले होते. मुलगा गोंधळून कडेला उभा होता; आईला काही झालं तर, हीच भीती त्याच्या तोंडावर होती. सबनीसबाईंनी त्याला सांगितलं होतं, की हा पेसमेकर नऊ वर्षांपूर्वीच निघायला हवा होता, आता तो कधीही बंद पडू शकतो.

हर्षदाला बघताच हौसाबाईनं हातानं बाकीच्यांना थांबवलं.

“तू सांग गं. काढू का ठेवू?”

इथवर हर्षदा रागाच्या जोरावर आली होती. आता राग उपयोगाचा नव्हता. ठेवा म्हणायचं, आणि विसाव्या वर्षी आवरण फाटलं तर? नाडगौडांचा प्रश्न आता तिच्या समोर, जिवंत माणसाच्या रूपात बसला होता. आक्कालाही तिनं असंच, खात्रीच्या आवाजात सांगितलं होतं.

“मावशी, मला माहीत नाही,” ती म्हणाली. “आज मोजलं ते चांगलं आहे. अजून पुष्कळ वर्षं जाईल असं वाटतं, पण शपथेवर सांगता येणार नाही. इतकी वर्षं कोणाच्याच अंगात ते राहिलेलं नाही. काढलं तर जखम चिघळायचा धोका आहे, ठेवलं तर ते बिघडायचा धोका आहे. ठेवणार असाल तर दर महिन्याला मी येऊन मोजीन. आकडा घसरायला लागला की वेळ हातात असते. एकाएकी बंद पडत नाही. त्या दिवशी मी स्वतः तुम्हाला घेऊन जाईन.”

हौसाबाई सबनीसबाईंकडे वळली.

“बाई, काढल्यावर ह्येचं तुमी काय करता?”

सबनीसबाई म्हणाल्या, नियमाप्रमाणे नष्ट करतो.

“चांगलं असलं तरी?”

नियमच तसा आहे, असं उत्तर आलं. हौसाबाईनं खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली.

“जित्राब आजारी पडलं तर मालक रडत येतो बघा. तुमी तर नटूनथटून आलाय. म्हंजे माझं चांगलं हाय म्हणूनच न्यायला आलाय.”

तिनं गाडीतल्या सगळ्यांना ताक दिलं आणि वाटेला लावलं.

त्यानंतर हर्षदानं केंद्रीय उपकरण मंडळाकडे तक्रार केली. चार महिन्यांनी पुण्यात सुनावणी लागली. कंपनीच्या वकिलानं तासभर बोलून तीन गोष्टी मांडल्या : तक्रारदार बाईला बहिणीच्या मृत्यूचा धक्का बसला आहे, मिरजेचे पेसमेकर कंपनीचे नव्हतेच, आणि एका रुग्णावरून शास्त्र सिद्ध होत नाही. हर्षदानं आपली चूक स्वतःच सांगून टाकली. बहिणीला मीच पाठवलं, नियमावर विश्वास ठेवून, ती म्हणाली. आणि नियमामागं काय आहे ते माहीत असायला हवं अशी या देशात कोणी असेल तर ती मीच होते. मागच्या रांगेत हौसाबाई मुलासोबत बसली होती. मंडळाच्या तज्ज्ञानं सर्वांसमोर मोजणी केली. आकडा तोच आला.

वकील म्हणाला, तरीही दहा वर्षांची मर्यादा खुद्द संशोधकांनी घातलेली आहे.

तेव्हा खांबेटे सर उठले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. नाडगौडांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“ते वाक्य माझं आहे,” सर म्हणाले. “तेव्हा मला तेवढंच माहीत होतं, म्हणून तेवढंच लिहिलं. पुढचं शोधू नका, असं मी लिहिलं नव्हतं. पण शोधणं थांबवलं गेलं आणि मी गप्प बसलो. चौदा हजार यंत्रं चुरायला गेली, प्रत्येक यादीखाली माझी सही आहे. शास्त्रज्ञानं माहीत नाही म्हणावं, हे मी आयुष्यभर शिकवलं. माहीत करून न घेण्याला तेच शब्द वापरता येतात, हे मला या मुलीनं शिकवलं. तिची बहीण जायला नको होती.”

ते खाली बसले. नाडगौडा वकिलाच्या कानाशी लागले.

दोन महिन्यांनी निकाल आला. चुरायंत्र बंद, थरथर बंद. दहा वर्षांची सक्ती रद्द. वर्षातून दोनदा सरकारी रुग्णालयात मोजणी, आणि आकडा नव्वदच्या खाली गेला तरच बदल. परत आलेल्या सगळ्या यंत्रांचे आकडे सर्वांसाठी खुले. सरांनी निरंतरचा राजीनामा दिला. हर्षदाला मिरजेच्या रुग्णालयानं मोजणीच्या कामावर घेतलं. वर्तमानपत्रांत तिचा फोटो आला. कागलहून दाजींचा फोन आला. निकालाबद्दल ते काही बोलले नाहीत, शिवणक्लास पुन्हा सुरू करायचा म्हणतात मुली, एवढंच सांगून त्यांनी फोन ठेवला. हर्षदाला तेवढं पुष्कळ होतं.

पण निकालाच्या शेवटच्या पानावर एक कलम होतं, आणि ते तिनं पहिल्यांदा वाचलं तेव्हा घाईत तिच्या नजरेतून सुटलं. पेसमेकर पुढं चालू ठेवू इच्छिणाऱ्या प्रत्येक रुग्णानं कंपनीच्या संमतिपत्रावर सही करायची होती. महिन्याभरात ते संमतिपत्र छापून आलं. हौसाबाईचा कागद घेऊन हर्षदा जतला गेली. डाळिंबाला फुलं लागली होती. हौसाबाई चष्मा शोधत होती, तो सापडेना, तेव्हा म्हणाली, तूच वाच.

हर्षदा वाचायला लागली. मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाखाली न येता, दहा वर्षं उलटलेलं यंत्र शरीरात ठेवत आहे. यापासून होणाऱ्या कोणत्याही हानीस अथवा मृत्यूस मी स्वतः जबाबदार राहीन. कंपनीवर कोणतीही जबाबदारी येणार नाही. वाचता वाचता तिचा आवाज हळू झाला. इतकी वर्षं जे खात्रीनं काढून घेत होते, तेच आता ते ठेवायची जोखीम म्हातारीच्या गळ्यात बांधत होते. जिंकलो म्हणून आपण हार-तुरे घेत बसलो, आणि यांनी मागच्या दारानं पुन्हा हात वर केले.

हौसाबाईनं कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, उलटा करून मागची बाजू पाहिली.

“माझी सही हितं,” ती म्हणाली. “आन् त्यांची कुठं हाय?”

“त्यांची नाही, मावशी.”

“बनवलं कुणी?”

“त्यांनी.”

“मग मी एकटीच कशी सही करीन?”

हर्षदानं पिशवीतून पेन काढलं, हौसाबाईच्या सहीच्या जागेखाली एक आडवी रेघ ओढली आणि रेघेखाली लिहिलं : ‘यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखाची सही.’ कागद तसाच, सहीविना, मंडळाला परत पाठवला. सोबत एक ओळ लिहिली, की रुग्ण सही करायला तयार आहे. आधी कंपनीनं करावी.

मिरजेला परतल्यावर तिनं मोजणीला आलेल्या पहिल्या रुग्णाला त्या रेघेची गोष्ट सांगितली. तो निवृत्त पोस्टमन होता, बरोबर दहा वर्षं आणि तीन दिवस झालेला. त्यानं संमतिपत्र समोर घेतलं, खिशातून लहानशी मोजपट्टी काढली आणि आपल्या नावाखाली सरळ, ठळक रेघ ओढली. त्याच्या मागच्या बाईनं त्याच्याकडून पेन मागून घेतलं. त्या आठवड्यात मिरजेहून मंडळाकडे दोनशे अकरा कागद गेले. त्यांतल्या एकावरही सही नव्हती.